एकतिसावा रकाना

सावरगाव, ता. मानवत
९ जून २०२५

तीर्थरूप नवनाथमामांस,
विजूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर आईला म्हणालात, "अर्ज करायला काय जातं? बसल्या जागी बटण दाबायचं." काय जातं ते लिहिते. कालच्या एका अर्जाला एक तास दहा मिनिटं गेली. त्यात नाव चार वेळा, पत्ता तीन वेळा, दहावीचे मार्क दोन वेळा. आधी बायोडाटा जोडायचा, आणि तो जोडून झाला की त्यातलंच सगळं पुन्हा एकेका चौकटीत हातानं भरायचं. पासवर्ड नवा, त्यात एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह. आधीच्या अकरा कंपन्यांचे अकरा पासवर्ड वहीत आहेत, हा बारावा. मग ओटीपी. माझ्या सगळ्या दाखल्यांवर नंबर बाबांचा, आणि बाबा पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडायला गेलेले. मी जिथं बसून अर्ज भरते त्या सेवा केंद्राच्या उत्कर्षाताईंनी त्यांना फोन लावून दिला. बाबा म्हणाले, "थांब, चष्मा घरी राहिला." मग टाकीखाली धुणं धुणाऱ्या रुक्मिणीबाईंनी आकडे वाचले, तेही उलट्या बाजूनं. दहा मिनिटं संपली, पान गेलं. पुन्हा पहिल्यापासून नाव.

बारा अर्जांत दोन फोन आले. पहिला बाबांनी उचलला आणि "पोरगी घरी न्हाई" म्हणून ठेवला. दुसरा महाळुंग्याच्या कंपनीचा. उद्या सकाळी दहाला या म्हणाले. सोबत कोण जाणार यावर घरातली चर्चा संपली तेव्हा दुसऱ्या दिवशीचे दहा वाजून गेले होते.

बाबांनी तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली आहे. तोवर नेमणुकीचं पत्र हातात आलं तर मी चाकणला. नाही आलं तर जिंतूरच्या सार्थकला होकार. त्यांचं खताचं दुकान आहे. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या घरच्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की सुनेनं नोकरीचं नाव काढायचं नाही. मामा, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. केसाच्या जाडीएवढा फरक मोजायला शिकले. ते युरियाच्या गोण्या मोजायला नव्हे.

एक शंका. प्रत्येक अर्जात विचारतात, 'आमच्या कंपनीत तुमचे कोणी नातेवाईक नोकरीला किंवा पुरवठादार आहेत का?' मी 'नाही' लिहिते. बरोबर ना?

तुमची,
विजयश्री

*

थेरगाव
१२ जून २०२५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद. मी लिहीत नाही, बोलतोय, मोबाईल लिहितोय. चुका त्याच्या, अक्कल माझी.

'नाही' लिहितेस? मामा मेला काय तुझा?

अगं, सत्त्याण्णव साली एक पत्र्याची पेटी घेऊन डांगे चौकात उतरलो. तेव्हा माण गावात आयटी पार्क नव्हता, ज्वारी होती. पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला हेल्पर लागलो. त्या धडधडाटात राहून कान असे झालेत की कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार ते मी भिंतीपलीकडून सांगतो. आणि साहेब फोनवर "बघतो" म्हणाला की कुठल्या "बघतो"नं काम होणार आणि कुठल्यानं नाही, तेही. आज चाकणच्या पट्ट्यात अशी एक मोठी कंपनी दाखव, जिला तुझा मामा माणसं पुरवत नाही. मग पुरवठादार कोण झाला? मी! तो शब्द त्यांनी माझ्यासाठीच छापलाय. तिथं लिही : होय. नवनाथ सोळुंके, नातं मामा. इथं ओळखीशिवाय वॉचमन पाणी पाजत नाही, आणि तू घरची ओळख झाकून ठेवतेस.

दुसरं. प्रेसवर आम्ही काय करायचो? डाय, म्हणजे साचा, एकदा बनवायची, तुकडे लाख काढायचे. तू प्रत्येक तुकड्याला नवी डाय घडवत बसलीस. मग तास जाणारच. सगळी उत्तरं एकदा, नीट, एका जागी भर आणि तीच सगळीकडे दाब. शिकलेल्या माणसाला हे अंगठेबहाद्दरानं सांगायचं म्हणजे कमाल आहे.

दाजींना म्हणावं, मुदत कशाला मोजता? पोरीचा मामा जिवंत आहे.

तुझा,
नवनाथमामा

*

सावरगाव
३ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न.

डाय झाली. उत्कर्षाताई आणि मी आठवडाभर बसलो. बारा कंपन्यांचे सगळे प्रश्न एका एक्सेलमध्ये उतरवले. शब्द वेगळे, पण विचारतात तेच. फुगलेले दोनशे प्रश्न दाबून चव्वेचाळीस रकाने झाले. समोर त्यांची उत्तरं. ताईंनी ब्राउझरमध्ये एक सोय बसवून घेतली; बटण दाबलं की उत्तरं आपापल्या चौकटीत जाऊन बसतात. बाबांचा चष्मा आईनं दोरीनं गळ्यात बांधलाय. एक अर्ज आता सहा मिनिटांत होतो. तीन आठवड्यांत अठ्ठावन्न कंपन्या झाल्या.

तुमचा रकाना एकतिसावा. होय, पुरवठादार, नवनाथ सोळुंके, मामा. प्रत्येक अर्जात ते आपोआप उमटताना बघून आईला इतका आनंद झाला की ती केंद्रात उभ्या असलेल्या बायकांना बोलावून दाखवत होती. "ह्यो माझा भाऊ. प्रत्येक कंपनीत ह्येचं नाव जातंय."

अजून फोन नाही. एवढ्यात येणारही नाही म्हणा.

विजू

*

थेरगाव
८ जुलै २०२५

चि. विजूस,
आशीर्वाद.

वाघीण आहेस! तुझं पत्र मी ऑफिसात करिष्माला मोठ्यानं वाचायला लावलं. ती आमची कॉम्प्युटरवाली. सहा मिनिटं ऐकून तिचं तोंड उघडं ते उघडंच. तिला एका पोराचा अर्ज भरायला दुपार लागते.

आता माझं दुखणं ऐक. पूर्वी टेम्पो भरून पोरं न्यायचो, गेटवर उतरवायचो, संध्याकाळपर्यंत निम्मी लागायची. आता ट्रेनी ऑपरेटरलासुद्धा कंपनीच्या साइटवर अर्ज. गेटवरचा सिक्युरिटी माझ्याकडे न बघता पोराला विचारतो, "अर्ज क्रमांक?" पोरांना स्वतःच्या बापाचं नाव इंग्रजीत येत नाही.

तर सोबत पंचवीस पोरांचे कागद पाठवतोय. तुझ्या डायवर काढ. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतील, करिष्मा तुला फोनवर सांगेल. दाजींच्या चष्म्याची गरज नाही. आणि ऐक, नातेवाइकाच्या रकान्यात पोरांच्या अर्जात 'नाही' टाक. त्यांचं इथं आहे कोण? माझं नाव काय देवळातला अंगारा आहे, येईल त्याला चिमूटभर द्यायला? ते फक्त तुझ्यासाठी.

मजुरीचं विचारू नकोस. भाचीशी मी हिशेब करत नाही. लग्नात फ्रिज माझा.

नवनाथमामा

*

सावरगाव
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न.

पंचवीसांपैकी सतरा जण लागले, करिष्मानं कळवलं. आपल्या गावचा गणराज गणपतीला आला तो नवीन बूट घालून. आईच्या पाया पडला, म्हणाला, "विजूताईच्या बटनानं लागलो." त्याला बारावीला छत्तीस टक्के. त्याच्या अर्जात गावाच्या नावाचं स्पेलिंग मी दुरुस्त केलं होतं. त्याला तिसऱ्या दिवशी फोन आला.

मला डिप्लोमाला अठ्ठ्याहत्तर टक्के. माझे अर्ज एकशे एकतीस झाले. फोन शून्य. नकाराचं पत्र मात्र वेळेवर येतं, कधीकधी माझा चहा निवायच्या आत.

बाबा रोज विचारतात, "आज किती आकडे सांगायचे?" आधी चिडून विचारायचे. आता कीव आल्यासारखे विचारतात, ते जास्त लागतं. जिंतूरचे लोक गौरीच्या जेवणाला येतायत.

एक विचारायचं राहिलं. गणराजच्या गळ्यातल्या कार्डावर ठेकेदार म्हणून 'कोंडाजी एंटरप्रायझेस' लिहिलंय. ते तुमचंच दुसरं नाव का?

मामा, कुणाशी तरी एकदा बोला. माझं काय चुकतंय तेवढं तरी कळू द्या.

विजू

*

थेरगाव
२ सप्टेंबर २०२५

चि. विजूस,
आशीर्वाद.

काय चुकतंय ते मी सांगतो, रागावू नको. तुझा अर्जातला फोटो बघितला. पोलीस ठाण्यात हरवलेल्यांच्या फलकावर लावतात तसा आलाय. जरा हसायला काय झालं? दुसरं म्हणजे, पोरगी म्हटलं की कंपनी तीनदा विचार करते. शिफ्ट कशी करेल, बस कुठली, लग्न झालं की जाणार. छत्तीस टक्केवाला गणराज पोतं उचलतो. तू काय उचलणार, अठ्ठ्याहत्तर टक्के?

कोंडाजीशेठ इथला जुना गाववाला. बाप-आज्याची जमीन रस्त्यात गेली, त्यातून माणूस उभा राहिला. लायसन त्याचं, माणसं माझी. तो आणि मी वेगळे नाही गं. रोज सकाळी त्याच्या अंगणात चहा घेतो. "नवनाथ, तू हाय म्हून मी हाय," असं तो चार माणसांत बोलतो. कार्डावर कुणाचं नाव यानं काय होतं? लग्नात तांदूळ टाकणारा वेगळा आणि मंडप घालणारा वेगळा.

आणि मी बोललो नाही असं समजू नकोस. परवाच कुरुळीच्या गिअरवाल्या कंपनीत मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये एसीत बसून तुझा विषय काढला. साहेब म्हणाले, "सोळुंके, तुमची भाची ती आमची भाची." ऑक्टोबरात त्यांच्याकडे गुणवत्ता तपासनीस घेणार आहेत. ती जागा तुझी समज.

सोबत साठ पोरांचे कागद. गौरी झाल्या की बस.

नवनाथमामा

*

सावरगाव
८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न.

साठही अर्ज झाले. आता माझं ऐका, शेवटपर्यंत.

कुरुळीची जाहिरात आली. गुणवत्ता तपासनीस, डिप्लोमा मेकॅनिकल, पहिल्या नोकरीवाले चालतील. जणू माझ्याकडे बघून लिहिलीय. शेवटची तारीख पंधरा. यावेळी बटण दाबण्याआधी मी त्यांच्या भरती विभागाला मेल केला, की याआधी इतरत्र माझे इतके अर्ज नाकारले गेले, तुमच्याकडे काही चुकू नये म्हणून विचारते. मंजुषा वाळुंज नावाच्या मॅडमनी उत्तर दिलं. मुद्दाम मराठीत, मी मराठीत विचारलं म्हणून. त्या लिहितात, 'उमेदवाराचा नातेवाईक आमचा पुरवठादार असेल तर अर्ज संगणकच बाजूला काढतो. माणसाच्या नजरेपर्यंत तो येत नाही. वशिला नको म्हणून हा नियम. बहुतेक मोठ्या कंपन्यांत असाच आहे.'

एकतिसावा रकाना, मामा.

जूनमध्ये मी 'नाही' लिहीत होते तेव्हा बारांत दोन फोन आले होते. त्यानंतर एकशे त्र्याहत्तर अर्जांत एकही नाही. पोरांच्या अर्जांत 'नाही' होतं, पोरं लागली. डाय एकदा बनवायची हे तुमचं खरं होतं. पण ती वाकडी बनली, आणि मी एकशे त्र्याहत्तर तुकडे भंगारात काढले.

तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं. तुमच्या नावाची मला लाज नाही, हे आधी लिहून ठेवते.

आता प्रश्न एवढाच. अर्जाच्या तळाला खूण करावी लागते : 'वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास कामावरून काढण्यात येईल.' तुम्ही कुरुळीला माणसं पुरवता, साहेबांच्या केबिनमध्ये बसता. मी 'नाही' लिहिलं तर ते खोटं होईल, आणि एक दिवस कुणीतरी म्हणेल की सोळुंक्यांची भाची खोटं लिहून आत आली. उत्कर्षाताई म्हणतात, "लिही गं नाही, कोण बघतंय?" पण मोजमापाचं काम मागायचं आणि पहिलंच माप खोटं द्यायचं, हे माझ्यानं होत नाही.

तुम्ही असं काही सांगा, की ते खोटं ठरणार नाही. लांबलचक नको. एकच शब्द लिहा, होय की नाही. पंधरा तारखेला दुपारपर्यंत वाट बघते. ही जागा गेली तर पुढे मुदत नाही. जिंतूरला साखरपुड्याची तारीख विचारून ठेवलीय.

विजू

*

थेरगाव
१४ ऑक्टोबर २०२५

चि. विजूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र सहा दिवस मोबाईलमध्ये घेऊन फिरतोय. दोनदा बोलायला बसलो, दोनदा पुसलं. मोबाईललाही वाटलं असेल, या माणसाला आज झालंय काय.

तू एक शब्द मागितलास, तीन सांगतो. खोटं लिहू नकोस.

नोकरी काय, आज आहे उद्या नाही. माणसाची पत एकदा गेली की परत येत नाही. मी या पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं काढली ती कशावर? शब्दावर. मामाला कागदावर मारून तू खुर्चीवर बसणार, आणि रोज संध्याकाळी आईला फोन करून काय सांगणार? इंदुताईनं गावभर सांगितलंय, माझा भाऊ चाकणचा पुरवठादार. त्याच भावाच्या नावापुढे तिच्या पोरीनं 'नाही' लिहिलं, हे तिला कुणीतरी सांगेलच. तुझं शिक्षण आम्ही हेच बघायला केलं का?

होय लिही. ताठ मानेनं लिही. कॉम्प्युटर काय करतो ते मला सांगू नकोस. कॉम्प्युटर साहेबांच्या टेबलावर असतो, आणि साहेबांशी मी बोलेन. माणूस मोठा का मशीन मोठं? खऱ्याला उशीर होतो, पण ते वाया जात नाही.

साठांतली सत्तेचाळीस लागली. तुझ्या हाताला यश आहे बघ. ती एक्सेल करिष्माला पाठव आणि बटणाची रीत एकदा फोनवर शिकव. पुढं लग्नाच्या गडबडीत तुला सवड मिळायची नाही.

तुझा,
नवनाथमामा

*

सावरगाव
१६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न.

काल दुपारी चार वाजता अर्ज पाठवला. एकतिसाव्या रकान्यात 'होय'. चार वाजून तीन मिनिटांनी नकार आला. बाबा टाकीवरच होते. आकडे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "बरं. मग आता नंबर दुसरीकडं देऊ नको."

मंजुषा मॅडमना एक शेवटचा मेल टाकला आहे. लिहिलं की माझे मामा तुमच्याकडे माणसं पुरवतात, मी मापं तपासणार. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हवं तर आम्ही दोघं तसं लिहून देतो. तुमची सही मी न विचारता कबूल केली, माफ करा. उत्तराची आशा नाही.

जिंतूरला होकार कळवला. लग्न तेवीस नोव्हेंबरला. एक्सेल करिष्माला पाठवली. एकतिसावं उत्तर पुसलंय. ज्याचं त्यानं भरावं.

विजयश्री

*

थेरगाव
१ नोव्हेंबर २०२५

चि. विजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फार छान झालं. मुलगा दुकानदार, घरचा धनी. कुणाच्या गेटवर उभं राहायला नको. नोकरी म्हणजे तरी काय, दुसऱ्याच्या भोंग्यावर उठणं. साहेबांना मी सांगितलं, ते हळहळले. म्हणाले, "सोळुंके, थोडं आधी सांगायचं."

फ्रिज दोन दाराचा घेतलाय. लग्नात कंपन्यांचे दोन-चार मोठे लोक आणतो, दाजींना म्हणावं पुढच्या रांगेत सोफे ठेवा. पत्रिका छापायला जाण्याआधी एक बघ. माझं नाव नुसतं 'मामा' म्हणून टाकू नका. 'नवनाथ सोळुंके, औद्योगिक पुरवठादार, चाकण' असं पूर्ण येऊ दे, ठळक. जिंतूरच्या लोकांनाही कळू दे, पोरगी कुठल्या घरची आहे.

करिष्माला तुझं बटण जमतंय. या महिन्यात चाळीस लागली.

तुझा,
नवनाथमामा

*

मंजुषा वाळुंज, भरती विभाग, कुरुळी यांजकडून
२५ नोव्हेंबर २०२५

कु. विजयश्री ज्योतीराम तौर यांस,
नमस्कार.

आपल्या १५ ऑक्टोबरच्या मेलला उशिरा उत्तर देत आहे. दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेरची भरती यांत तो मागे राहिला, त्याबद्दल दिलगीर आहे. गुणवत्ता तपासनीसाची जागा ३१ ऑक्टोबरला भरली गेली.

नातेवाइकाची माहिती स्वतःहून देऊन वर लेखी हमी द्यायला तयार असलेली उमेदवार माझ्या नऊ वर्षांत मी पाहिली नव्हती. म्हणून संगणकानं बाजूला काढलेला आपला अर्ज मी उघडून वाचला. मुलाखतीला बोलावलं असतं असा तो अर्ज होता. आपण म्हणता तसा मार्ग काढता येईल का, हे बघण्यासाठी खरेदी विभागाकडून पुरवठादारांची यादी मागवली. माणसं पुरवणारे आमचे ठेकेदार चार आहेत. कोंडाजी एंटरप्रायझेस त्यांपैकी एक. यादी दोनदा पाहिली, मागच्या दहा वर्षांचीही पाहिली. मोठ्या साहेबांच्या कार्यालयातही विचारलं.

आपण त्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. नवनाथ सोळुंके या नावाचा पुरवठादार आमच्याकडे नाही, आणि यापूर्वीही कधी नव्हता.